शिक्षेची भीती कुठपर्यंत पुरते? (गीता, अध्याय १०, श्लोक ३८)



दहावा अध्याय सुरू आहे आपला. विभूतियोग. अर्जुन विचारतो, देवा, तुला नेमकं कुठे कुठे पाहू? आणि भगवंत यादी सांगायला लागतात. नद्यांमध्ये गंगा मी, महिन्यांमध्ये मार्गशीर्ष मी, ऋतूंमध्ये वसंत मी. वाचताना छान वाटतं. सगळं सुंदर, सगळं मंगल. आणि मग यादी संपत आली की अडतिसावा श्लोक येतो.

साधा अर्थ

या एका श्लोकात चार गोष्टी आहेत. दमन करणाऱ्यांच्या हातातला दंड मी. विजयाची इच्छा धरणाऱ्यांची नीती मी. गुपितांमधलं मौन मी. ज्ञानी माणसांमधलं ज्ञान मी.

पहिल्याच शब्दाला अडखळायला होतं. गंगा समजते, वसंत समजतो, पण काठी? शिक्षा? तिच्यातही देव?

हा श्लोक आत्ताच घ्यायचं कारण आहे. मागच्या काही दिवसांत आपल्या वाचनाच्या ग्रुपवर एकच विषय चालू होता. पेपरात एखादी भयंकर बातमी येते आणि आपण लिहितो, "भर चौकात फाशी द्या, मग पाहा कोणाची हिंमत होते." सकाळी हरिपाठ म्हणणारेच आपण, दुपारी हे लिहितो. राग खोटा नाही. ज्या घरात ती घटना घडली त्यांचं दुःख तर आपल्या कल्पनेच्या पलीकडचं. पण प्रश्न नीट विचारायला हवा. शिक्षा कडक केली की माणूस कायदा मोडायचा थांबतो का? थांबत असेल तर किती, आणि कुठे? श्लोकातले चार शब्द त्याच क्रमाने घेऊन बघू.

१. दंड

आधी दंडाचा मान दंडाला देऊ.

गीता ऐकणारा अर्जुन युद्धानंतर शांतिपर्वात पुन्हा बोलतो. युधिष्ठिराला राज्य नको झालंय, वनात जायचंय. तेव्हा अर्जुन त्याला दंडाची महती सांगतो. त्याच्या बोलण्याचा आशय असा: काही जण राजाच्या शिक्षेला भिऊन पाप टाळतात, काही यमाच्या, काही परलोकाच्या, आणि काही एकमेकांच्या भीतीने. दंड नसेल तर मोठा मासा लहान माशाला खाईल. अर्जुनाला माणसाच्या चांगुलपणाविषयी भाबड्या कल्पना नाहीत.

आणि तो चुकीचंही बोलत नाही. दुसऱ्या महायुद्धातलं एक उदाहरण आहे. सप्टेंबर १९४४ मध्ये जर्मन सैन्याने डेन्मार्कच्या पोलिसांनाच अटक केली. पुढचे काही महिने त्या देशात खरं पोलीस दल नव्हतंच. चोऱ्या आणि लुटालूट कित्येक पटींनी वाढली. पण गंमत पुढे आहे. फसवणूक आणि अफरातफर यांचं प्रमाण तसं वाढलं नाही. का? कारण अफरातफरीत माणूस कोण ते आधीच माहीत असतं. पोलीस असोत नसोत, सापडणार हे नक्की. रात्री दुकान फोडणाऱ्याला मात्र आता कोणी धरणार नाही, हे कळलं होतं.

म्हणजे भीती काम करते. पण कशाची भीती? शिक्षा किती मोठी याची, की आपण सापडू याची?

इथे माउलींकडे जाऊ. ज्ञानेश्वरीत या श्लोकावर माउली दंडाबद्दल जे सांगतात त्यात दोन गोष्टी आहेत. एक, हा दंड टळत नाही. दोन, मुंगीपासून ब्रह्मदेवापर्यंत सगळे त्याच्या नियमात येतात. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. दंड क्रूर आहे, भयानक आहे, असं काही तिथे येत नाही. न टळणं आणि सगळ्यांना सारखं असणं, एवढ्यावरच माउली थांबतात.

युरोपात हाच विचार १७६४ मध्ये इटलीच्या चेझारे बेकारिया याने मांडला. त्याचं म्हणणं, शिक्षा सौम्य असली तरी ती नक्की होणार असेल, तर ती भयंकर पण टळू शकणाऱ्या शिक्षेपेक्षा जास्त धाक बसवते. माउली त्याच्या जवळजवळ पावणेपाचशे वर्षं आधीचे.

रोजच्या जगण्यात बघा. पुण्यातल्या ज्या सिग्नलला कॅमेरा आहे तिथे आपण रात्री अकरालाही थांबतो. पुढच्या सिग्नलला कॅमेरा बंद आहे हे माहीत असलं की गाडी सुटते. दोन्हीकडे दंडाची रक्कम तीच. मोटार वाहन कायद्यातले दंड २०१९ च्या दुरुस्तीने वाढले, महाराष्ट्रात ते डिसेंबर २०२१ पासून लागू झाले. तरी राज्यात थकलेली ई-चलनं हजार कोटींच्या पुढे आहेत. चलन आलं, भरलं नाही, काही झालं नाही, लोकअदालतीत सूट मिळेल तेव्हा बघू. दंड वाढला, पण तो टाळता येतो हेही आपल्याला कळलं. माउलींनी सांगितलेली पहिली अटच तिथे सुटली.

आता फाशीच्या मागणीकडे येऊ, कारण मूळ प्रश्न तोच होता.

फेब्रुवारी २०२० मध्ये आपल्या विदर्भात, हिंगणघाटला, एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवून दिलं. सगळा महाराष्ट्र हादरला. आरोपीला जन्मठेप झाली ती फेब्रुवारी २०२२ मध्ये, दोन वर्षांनी. मधल्या काळात राज्याने 'शक्ती' विधेयक आणलं. काही गुन्ह्यांना थेट फाशीची तरतूद, तपासाला आणि खटल्याला कमी मुदत. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने ते मंजूर केलं. पण राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही आणि ते लागू झालं नाही.

लागू झालं असतं तर? २०१२ च्या दिल्लीच्या घटनेनंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीपुढे हाच प्रश्न होता. जानेवारी २०१३ च्या अहवालात समितीने कायदे कडक करायच्या पुष्कळ शिफारशी केल्या, पण बलात्काराला फाशीची शिफारस केली नाही. कारणं समजून घेण्यासारखी आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी दर वर्षी हेच दाखवते की दहापैकी नऊहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, कामावरचा माणूस. आता विचार करा. तक्रार केली तर काका फासावर जाणार, हे माहीत असलेलं घर त्या मुलीला पोलीस स्टेशनला जाऊ देईल की गप्प बसवेल? आणि ज्याला शिक्षा तशीही फाशीचीच, तो साक्षीदार म्हणून तिला जिवंत सोडेल का? बलात्काराच्या खटल्यांत दोषी ठरण्याचं प्रमाण अलीकडच्या वर्षांत तीस टक्क्यांच्याही खाली आहे. शिक्षा वाढवली आणि त्यामुळे तक्रारीच कमी झाल्या, तर गुन्हेगाराचा धोका कमी झाला. आपण धाक वाढवायला गेलो आणि तो उलट घटला.

हे इंग्लंडने करून पाहिलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे दोनशेहून जास्त गुन्ह्यांना फाशी होती, अगदी चोरीलाही. झालं काय? ज्युरीतल्या माणसांना दया यायची. राहत्या घरातून चाळीस शिलिंगांची चोरी झाली की फाशी, म्हणून ते शपथेवर सांगायचे की मालाची किंमत एकोणचाळीस शिलिंग होती. शेवटी १८३० मध्ये तिथल्या बँकवाल्यांनीच संसदेला अर्ज केला की खोट्या सह्या-हुंड्यांच्या गुन्ह्याची फाशी काढून टाका. त्यांना गुन्हेगारांची दया आली म्हणून नव्हे. फाशीच्या भीतीने कोणी तक्रार करत नव्हतं, कोणी दोषी ठरवत नव्हतं, आणि बँका लुटल्या जात होत्या. त्यांना लहान पण नक्की होणारी शिक्षा हवी होती.

फाशीने खून कमी होतात का, याचे अमेरिकेत कित्येक वर्षं अभ्यास झाले. तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१२ मध्ये ते सगळे तपासले आणि सांगितलं की कमी होतात, वाढतात की काहीच फरक पडत नाही, हे या अभ्यासांवरून ठरवता येणार नाही. आपल्या विधी आयोगानेही २०१५ च्या अहवालात दहशतवादाशी संबंधित गुन्हे सोडून बाकी ठिकाणी फाशी रद्द करावी असं सुचवलं.

आता जरा आमच्या घराजवळचं. परतवाडा सोडून धारणीचा रस्ता धरला की थोड्याच वेळात मेळघाट सुरू होतो. १९७३-७४ मध्ये देशात पहिले जे नऊ व्याघ्र प्रकल्प झाले त्यातला हा एक. वाघाच्या शिकारीला कायदा १९७२ पासून आहे. २००६ च्या दुरुस्तीनंतर व्याघ्र प्रकल्पात शिकार केली तर किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद. कागदावर पुरेसं कडक. तरी २०१३ मध्ये इथे वाघांच्या शिकारीची प्रकरणं उघडकीस आली. कारण जंगल अफाट, रात्र लांब, आणि पकडलं जाण्याची शक्यता नगण्य. नंतर व्याघ्र प्रकल्पाने स्वतःचा सायबर सेल उभा केला. मोबाइलच्या नोंदींवरून माग काढला, राज्याबाहेर जाऊन आरोपी पकडले, खटले चालले, न्यायालयातून शिक्षाही झाल्या. सात वर्षांची सतरा वर्षं कोणी केली नव्हती. बदललं ते एवढंच, की जंगलात केलेली गोष्ट आता जंगलात राहत नाही हे बाहेर कळलं.

आपल्या कामातही हेच ना. सर्व्हरवर कोण काय करतंय याची नोंद राहते हे टीममध्ये सगळ्यांना माहीत असलं, की मोठमोठ्या धमक्यांचे मेल पाठवावे लागत नाहीत.

२. नीती

श्लोक दंडावर थांबत नाही. दुसरा शब्द नीती. आणि ज्याला जिंकायचंय त्याच्यासाठी ती आहे. म्हणजे नुसता दंड हातात असलेला राजा जिंकलेला नसतो.

कौटिल्याने अर्थशास्त्रात हे सरळ मांडलंय. तिखट शिक्षा करणाऱ्या राजाला प्रजा कंटाळते, मऊ शिक्षा करणाऱ्याला जुमानत नाही, आणि योग्य तेवढी शिक्षा करणाऱ्याला मान देते. मान हा शब्द महत्त्वाचा. कायद्याला मान नसेल तर शिक्षा नक्की असली तरी लोक ऐकत नाहीत.

आमच्या वऱ्हाडात याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. १० जून २०१९. अकोला जिल्हा, अकोट तालुका, अकोली जहांगीर गाव. शेतकरी संघटनेच्या हाकेवर शेकडो शेतकरी जमले आणि त्यांनी सगळ्यांसमोर बंदी असलेलं एचटीबीटी कापसाचं बियाणं पेरलं. या वाणावर तणनाशक फवारलं की तण जळतं, कपाशी राहते. निंदणाला मजूर मिळत नाही आणि मिळाले तर परवडत नाहीत, त्या शेतकऱ्याला हे बियाणं हवं होतं. केंद्राच्या समितीची परवानगी मात्र त्याला नव्हती. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली तेव्हा शिक्षा होती पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. काही जणांवर गुन्हेही दाखल झाले. पण पेरणी थांबली नाही. आमच्याकडे या बियाण्याला नावच 'चोर बीटी' आहे. पावती नाही, हमी नाही, उगवलं नाही तर दाद मागायची सोय नाही, तरी दर हंगामात ते विकलं जातं.

बंदी बरोबर की चूक, तो वेगळा वाद. तणनाशकाचा वारेमाप वापर, जमीन, शेजारची पिकं, याबद्दलचे आक्षेप गंभीर आहेत. आपला मुद्दा शिक्षेचा आहे. ज्याला निंदणाच्या खर्चाचं ओझं यंदाच दिसतंय, त्याला पाच वर्षांची कैद लांबची वाटते. आणि ज्या नियमामागचं कारण त्याला कोणी त्याच्या भाषेत समजावून सांगितलं नाही, जो करताना त्याला विचारलं नाही, तो नियम त्याला आपला वाटत नाही.

याच अकोला जिल्ह्यात १९३० मध्ये दहीहंडा गावी मिठाचा सत्याग्रह झाला होता. समुद्र शेकडो मैल दूर, पण खारपाणपट्ट्यातल्या विहिरींचं पाणी खारट. त्या पाण्यापासून मीठ करून लोकांनी कायदा मोडला. तुरुंगात जावं लागेल हे माहीत होतं, म्हणूनच मोडला. तिथे शिक्षेची धमकी उलट बोलावणं ठरली. कायदा अन्यायाचा आहे अशी लोकांची खात्री पटली, की दंडाचा धाक संपतो.

अमेरिकेत टॉम टायलर नावाच्या अभ्यासकाने शिकागोच्या लोकांना विचारून १९९० मध्ये एक पुस्तक लिहिलं, लोक कायदा का पाळतात या प्रश्नावर. त्याला दिसलं ते असं: आपल्याशी न्यायाने वागलं जातं असं ज्यांना वाटतं ते कायदा जास्त पाळतात, आणि हे कारण शिक्षेच्या भीतीपेक्षा जास्त वजनाचं आहे.

नीतीची दुसरी बाजू म्हणजे माणसाला सरळ वाट उपलब्ध करून देणं. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून कित्येक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. हजेरी, पहारा, वसाहती. एवढा धाक दुसऱ्या कोणावर कधी बसवला नसेल. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण शिक्का राहिला. गावात चोरी झाली की पोलीस आधी फासेपारध्यांच्या बेड्यावर. ज्याला काही केलं तरी आणि नाही केलं तरी पकडणार, त्याच्यावर धाक कसा बसेल? धाकाला अर्थ तेव्हाच येतो जेव्हा सरळ वागणाऱ्याला सोडलं जातं. आपल्याच अमरावती जिल्ह्यात नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या मंगरूळ चव्हाळ्याला मतीन भोसले यांनी फासेपारधी मुलांसाठी 'प्रश्नचिन्ह' नावाची शाळा काढली. स्वतः त्याच समाजातले, जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची नोकरी सोडून आलेले. सिग्नलवर भीक मागणारी मुलं तिथे पाटी घेऊन बसली. दीडशे वर्षांच्या दंडाने दिलं नाही ते त्या मुलांना पाटीने दिलं. दुसरी वाट.

३. मौन

तिसरा शब्द मला सगळ्यात जास्त विचारात पाडतो. दंडाबद्दल बोलता बोलता भगवंत मौनाकडे का वळतात? गुपितांमधलं मौन.

अर्जुनाने मोजलेल्या चारही भीती आठवा. राजा, यम, परलोक, लोक. चौघांनाही एक गोष्ट लागते: आपल्याला कोणीतरी बघतंय. आता अशी जागा घ्या जिथे कोणीच बघत नाही. तिथे काय उरतं?

अशा जागा आपल्याकडे भरपूर आहेत. घरभाड्याची खोटी पावती, कर वाचवायला. कंपनीच्या लॅपटॉपवर चोरीचं सॉफ्टवेअर. घरून काम करताना माउस हलता ठेवणारं ते छोटं यंत्र. सोसायटीतल्या कामवाल्या मावशींचा सुट्टीचा पगार कापणं, ज्याविरुद्ध त्या कुठेही जाणार नाहीत. यातलं काहीच पेपरात येत नाही, आणि यातल्या कशालाच आपण भर चौकात शिक्षा मागत नाही.

इथे आपल्यासारख्या साधकांना एक धोका आहे. पोलिसाच्या जागी आपण देवाला बसवतो. वर आकाशात एक कॅमेरा, चित्रगुप्ताची वही, महिन्याचा हिशेब. लहानपणी आजी सांगायची, "देव पाह्यते बरं बाबू," आणि हात आपोआप मागे यायचा. लहानपणी ते ठीकच. पण तिशीतही भक्ती तेवढीच राहिली, तर देव म्हणजे फक्त जास्त चांगला कॅमेरा झाला. आणि कॅमेऱ्याशी माणूस जसं वागतो तसंच मग देवाशी वागतो: कोन चुकवायचा, सवलत मागायची, एकादशीला तडजोड करायची. थकलेल्या ई-चलनासारखं, लोकअदालतीची वाट पाहत.

भगवंत म्हणतात की त्या गुपितातलं मौन मी आहे. बाहेर पहारा द्यायला मी उभा आहे असं ते म्हणत नाहीत. कोणी बघत नसताना मनात जी क्षणभर शांतता होते, बोट बटणावर थांबतं, आणि आतलं काहीतरी बोलत नाही पण असतं, ती शांतता ते स्वतः आहेत. तिला भीती म्हणता येत नाही. आपल्या माणसाशेजारी बसल्यावर आपण सहज नीट बसतो, तसं काहीतरी ते आहे.

४. ज्ञान

चौथ्या शब्दासाठी शांतिपर्वातलीच एक गोष्ट. अर्जुनाच्या त्या भाषणानंतर थोड्याच अध्यायांनी व्यास ती युधिष्ठिराला सांगतात.

शंख आणि लिखित हे दोघे भाऊ, दोघेही तपस्वी, बाहुदा नदीच्या काठी वेगवेगळ्या आश्रमांत राहणारे. एकदा लिखित शंखाच्या आश्रमात गेला. शंख घरी नव्हता. झाडाला पिकलेली फळं होती, लिखिताने तोडली आणि खात बसला. शंख परत आला, विचारलं, ही कुठून आणलीस? लिखित हसून म्हणाला, इथूनच की. शंख म्हणाला, न विचारता घेतलंस, ही चोरी झाली. राजाकडे जा आणि सांग, मी चोर आहे, मला शिक्षा कर.

लिखित राजा सुद्युम्नाकडे गेला. राजा उठून सामोरा आला. एवढा मोठा ऋषी! अपराध ऐकून म्हणाला, शिक्षा द्यायचा अधिकार माझा, तसा क्षमा करायचाही माझाच. तुम्ही शुद्ध आहात, दुसरं काहीही मागा. लिखिताने दुसरं काहीच मागितलं नाही. शेवटी राजाने चोराची तेव्हाची शिक्षा दिली, दोन्ही हात तोडले. लिखित तसाच भावाकडे आला. शंख म्हणाला, मी तुझ्यावर रागावलो नव्हतोच. नदीवर जा, स्नान कर, तर्पण कर. लिखिताने पाण्यात ओंजळ करायला गेला आणि हात परत उगवले. त्याने विचारलं, एवढं सामर्थ्य तुझ्याकडे होतं तर मला आधीच शुद्ध का केलं नाहीस? शंखाचं उत्तर असं: दंड देणारा मी नव्हे, ते काम राजाचं. आता राजाही शुद्ध झाला आणि तूही.

आजच्या मापाने ही शिक्षा क्रूर आहे, आणि दोन फळांसाठी तर फारच. पण गोष्ट कुठे बोट ठेवते ते बघा. मुंगीपासून ब्रह्मदेवापर्यंत एकच नियम, हे माउलींचं म्हणणं इथे प्रत्यक्ष दिसतं. राजा मोठ्या माणसाला सोडायला निघाला होता आणि अपराधी स्वतःच ते घेत नाही. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं, म्हणूनच दंडाचा धाक राहत नाही. आणि दुसरं, शिक्षेमागे कोणाचाही राग नाही. भाऊ प्रेमाने पाठवतो, राजा जड मनाने देतो, आणि घेणारा समजून घेतो. शेवटी हात परत येतात. ज्या शिक्षेनंतर माणसाला त्याचे हात परत मिळत नाहीत, म्हणजे काम, घर, नाव परत मिळत नाही, ती शिक्षा अर्धीच राहिली.

महाराष्ट्रात याचा प्रत्यक्ष प्रयोग झाला आहे. १९३९ मध्ये औंध संस्थानात, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत उभी राहिली. कैद्यांची वसाहत, आणि भिंती नाहीत. शेती करायची, कुटुंबासह राहायचं. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' यावरूनच सुचला. आमच्या परतवाड्याहून फार लांब नाही, मोर्शीलाही असंच खुलं कारागृह आहे. चांगल्या वर्तणुकीचे कैदी तिथे शेतात राबतात. पळून जायचं ठरवलं तर अडवणारी उंच भिंत नाही. पळालं तर पुन्हा बंद तुरुंगात जावं लागेल ही भीती आहेच, ती नाकारायची नाही. पण रोज सकाळी उठून शेतात जाणाऱ्या त्या माणसाला नुसती तीच थांबवत असेल असं मला वाटत नाही. कोणीतरी आपल्यावर विश्वास टाकला, हेही त्याला माहीत असतं.

तर मूळ प्रश्नाचं उत्तर काय? शिक्षेची धमकी काम करते, पण ती नक्की होणार असेल, लवकर होणार असेल आणि लहानमोठ्या सगळ्यांना सारखी असेल तेव्हाच. नुसती भयंकर करून ती वाढत नाही, पुष्कळदा घटते. अन्यायाचा वाटणारा कायदा ती वाचवू शकत नाही. आणि कोणी बघत नाही तिथे ती पोचतच नाही. म्हणून भगवंत दंड म्हणून सुरुवात करतात आणि नीती, मौन, ज्ञान असं पुढे नेतात. दंडही देवाचाच आहे, म्हणून तो रागाने हातात घ्यायचा नाही. आणि देव तेवढ्यावरच संपत नाही.

आजचा अभ्यास

१. पुढची भयंकर बातमी आली की "फाशी द्या" लिहिण्याआधी दोन गोष्टी शोधा: तक्रार वेळेत नोंदली गेली का, आणि खटला कुठवर आला. पाठपुरावा करणाऱ्या संस्थेला, वकिलाला, साक्षीदाराला मदत करता आली तर तीही सेवाच. दंड न टळणारा करायला माणसं लागतात.

२. आज अशी एक जागा शोधा जिथे तुम्हाला कोणीच पकडू शकत नाही. तिथे एक काम नीट करा. कोणाला सांगू नका. ग्रुपवरही नको.

३. घरात किंवा टीममध्ये कोणाला काही बोलायची वेळ आली, तर आधी राग खाली ठेवा, मग बोला. आणि बोलून झाल्यावर त्याचे हात त्याला परत द्या. तो विषय पुन्हा काढू नका.

प्रार्थना

पांडुरंगा, जो दंड तुझा आहे तो आम्ही सूडाच्या कामाला लावू नये. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला न्याय उशिरा मिळू नये. आणि जिथे कोणी बघत नाही तिथे तू आमच्याजवळ आहेस, एवढं आम्हाला जाणवत राहू दे.

उद्या एकोणचाळिसावा श्लोक: सर्व भूतांचं बीज. भेटू.

राम कृष्ण हरी 🙏